बरोबरीची जोड : चित्रकथांतल्या महाबलींच्या लढतीविषयी

बुलढाणा जिल्ह्यात एका झुंजीची खूण जमिनीवरच उमटलेली आहे. लोणारचे विवर उल्कापाताने झाले, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बेसॉल्ट खडकातला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी अभ्यासला आहे. पण लोणार गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळाशी जोडलेली कथा वेगळे सांगते. लवणासुर जमिनीच्या पोटात दडून बसला होता. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले, पायाच्या अंगठ्याने त्या बिळाचे झाकण भिरकावून दिले आणि दैत्याला मारले. झाकण उडाले ती जागा म्हणजे हे विवर, आणि पाण्याचा खारेपणा दैत्याच्या देहाचा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याची दरी दाखवून भीमाने कीचकाला इथे फेकले असे सांगतात, आणि त्यानंतर भीमाने अंग धुतले ते भीमकुंडही दाखवतात. दोन्हीकडे सांगणाऱ्याची रीत एकच आहे. बळ डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती त्याने केलेली उलथापालथ. म्हणून इथे आधी विवर आहे आणि मग त्या विवराच्या मापाची लढत रचलेली आहे. अमेरिकन चित्रकथेचा चित्रकार हीच वाट उलट्या बाजूने चालतो. त्याला दोन महाबलींची लढत काढायची असते, म्हणून तो त्यांच्या पायाखाली विवर काढतो. चिखली तालुक्यातल्या उंद्रीच्या वाचकाला हल्क आणि थिंग यांची झुंज परकी वाटण्याचे काही कारण नाही, ते यामुळे.

हा संग्रह अशाच लढतींविषयी आहे: चित्रकथेतले दोन अफाट ताकदीचे प्रतिस्पर्धी समोरासमोर येतात, तेव्हा नेमके काय घडते याविषयी. वाचणारा पहिला प्रश्न विचारतो तो 'जिंकणार कोण' हाच, आणि तो प्रश्न मुळीच कमी दर्जाचा नाही. मात्र त्याच्या आत आणखी एक प्रश्न दडलेला असतो. एक बलवान आणि एक दुबळा यांची लढत बळावर सुटते. दोघे बरोबरीचे असले की बळ दोन्ही पारड्यांत सारखेच पडते, आणि निकाल लावायला कथेला दुसरे काहीतरी पुढे करावे लागते: राग, कसब, कपट, कुणा तिसऱ्याची खूण, मोडलेला नियम, नाहीतर नुसता चिवटपणा. लेखकाने यांतले काय निवडले, यावरून त्याच्या जगात शेवटी कशाला किंमत आहे ते कळते. या प्रस्तावनेचे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढची सगळी उदाहरणे त्याच्या पडताळणीसाठी आहेत.

आधी या क्षेत्राचा नकाशा. जून १९३८ ची तारीख असलेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघा तरुणांचा सुपरमॅन आला, आणि त्याच्याबरोबर एक अडचण आली. त्याला जोड मिळेना. मोटार डोक्यावर उचलणाऱ्या माणसासमोर साधा गुंड किती वेळ टिकणार? म्हणून त्याचे सुरुवातीचे मोठे शत्रू बुद्धीचे होते. अल्ट्रा ह्यूमनाइट आणि लेक्स ल्युथर दोघेही शास्त्रज्ञ. त्याचा बरोबरीचा खरा प्रतिस्पर्धी दुसऱ्याच प्रकाशकाच्या दुकानात उभा होता. फॉसेट या संस्थेचा कॅप्टन मार्व्हल १९४० साली सुरू झाला, अफाट खपू लागला, आणि सुपरमॅनच्या प्रकाशकांनी नक्कल केल्याचा दावा लावला. म्हणजे चित्रकथेच्या पहिल्या दोन महाबलींची लढत कागदावर होण्याआधी न्यायालयात झाली. ती १९५३ साली तडजोडीने मिटली आणि फॉसेटने कॅप्टन मार्व्हल बंद केला. दरम्यान याच कॅप्टन मार्व्हलच्या गोटात १९४५ साली ब्लॅक ॲडम हा खलनायक आला. त्याच्याजवळ नायकाइतक्याच शक्ती, त्याच मांत्रिकाकडून मिळालेल्या. ठोशाला ठोसा भिडला की कुणीच हलत नाही. शेवटी एक वयस्कर, कसलीही शक्ती नसलेला माणूस त्याला बोलण्यात गुंतवून त्याच्याच तोंडून जादूचा शब्द काढून घेतो. शक्ती जाते, हजारो वर्षांचे वय एका क्षणात अंगावर येते आणि तो संपतो. भस्मासुराची गोष्ट ऐकत वाढलेल्या वाचकाला हा शेवट कुठून ओळखीचा वाटतो, ते सांगायला नको. बरोबरीची लढत सोडवण्याची ही एक जुनी रीत: बळाला त्याच्याच हाताने मारायचे.

दुसरी रीत साठच्या दशकात न्यूयॉर्कला, मार्व्हल कॉमिक्समध्ये घडली, आणि या संग्रहाचा बराच भर तिच्यावर आहे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६१ साली 'फँटॅस्टिक फोर'मध्ये थिंग आणला आणि १९६२ साली हल्क. दोघेही माणसेच, पण अपघाताने राक्षसी शरीरात अडकलेली. १९६३ साली 'फँटॅस्टिक फोर'च्या बाराव्या अंकात त्यांची पहिली गाठ पडली; १९६४ च्या पंचविसाव्या आणि सव्विसाव्या अंकांत ती खरी लढत झाली. या लढतीत बरोबरी फक्त दिसायला आहे. हल्कचा नियम असा की राग वाढेल तशी ताकद वाढते. थिंगची ताकद मात्र आहे तेवढीच राहते, आणि त्याच्या अंगी ते जाणण्याइतकी समजही आहे. साथीदार आजारी किंवा जखमी, आपण हरणार हे कळलेले, तरी तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पुनःपुन्हा उठून उभा राहतो. कर्बीची रेघ इथे निकालापेक्षा उठण्याकडे लक्ष देते: वाकलेली पाठ, जमिनीला टेकलेला हात, मागे फाटलेला रस्ता. अमर्याद वाढणाऱ्या बळासमोर मर्यादित बळाचा माणूस काय करू शकतो, हा प्रश्न इतक्या साध्या पानांवर इतका उघड मांडलेला आधी दिसत नाही. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वोत्तम लढत आहे, आणि ज्याला मतभेद असेल त्याने ती पाने समोर ठेवून भांडावे.

त्यानंतरच्या वाटा थोडक्यात सांगता येतील. १९८६ साली फ्रँक मिलरने 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये म्हाताऱ्या बॅटमॅनला सुपरमॅनसमोर उभे केले आणि बळाच्या विरुद्ध तयारी लावली: चिलखत, सापळे, हिरव्या खनिजाचा बाण. याने एक पिढी भारावली. त्याचबरोबर, पुरेसा विचार केला तर कुणीही कुणालाही हरवू शकतो अशी एक सैल समजूतही पसरली, आणि तिने पुढच्या अनेक लढती पोकळ केल्या. जपानमध्ये अकिरा तोरियामाच्या 'ड्रॅगन बॉल'ने (१९८४ ते १९९५) काळच ताणला. एक झुंज आठवड्यामागून आठवडे चालू लागली. तिथे ताकद मोजण्याचे यंत्र डोळ्यावर लावलेले असते, आकडे समोर येतात, आणि कथेचा खरा आनंद ते आकडे खोटे ठरण्यात असतो. गोकू आणि व्हेजिटा यांच्या पहिल्या मोठ्या लढतीच्या शेवटी गोकू आपल्या वैऱ्याला जिवंत जाऊ द्यायला सांगतो. एवढा बरोबरीचा प्रतिस्पर्धी पुन्हा मिळायचा नाही, ही त्यामागची ओढ. वैरातून नाते तयार होणे हा जपानी परंपरेचा विशेष आहे, आणि मराठी कुस्तीशौकिनाला तो चटकन समजेल. जोड नसलेला मल्ल किती एकटा असतो, ते फडावर बसणाऱ्याला माहीत असते.

रचनेच्या दृष्टीने सगळ्यांत धाडसी प्रयोग डीसीच्या 'सुपरमॅनचा मृत्यू' या मालिकेत झाला. जानेवारी १९९३ ची तारीख असलेला 'सुपरमॅन'चा पंचाहत्तरावा अंक तिचा शेवट. डूम्सडे या राक्षसाशी झुंज शेवटाकडे जाते तसतशा पानावरच्या चौकटी कमी होत जातात: एका अंकात पानाला चार, पुढच्यात तीन, मग दोन, आणि शेवटच्या अंकात प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र. इथे डूम्सडेला ना भूतकाळ आहे, ना बोलणे, ना हेतू. कथानक म्हणून ही लढत उघडीबोडकी आहे. तरीही ती वाचताना छाती दडपते, कारण वाचकाचा श्वास चौकटींच्या संख्येने बांधलेला आहे. गद्यात किंवा चित्रपटात हा परिणाम याच मार्गाने साधता येत नाही. चित्रकथा ही स्वतंत्र कला आहे की नाही असा वाद अजून ज्यांना घालावासा वाटतो, त्यांनी हे चार अंक ओळीने उलगडावेत.

आता आपल्याकडे. पैठण शैलीची जुनी चित्रे आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी पाहिली, तर दोन योद्धे एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्यांनी, टपोऱ्या डोळ्यांनी समोरासमोर उभे असतात आणि मधल्या जागेत बाण किंवा शस्त्रे भिडलेली असतात. सांगणारा एक एक सुटे चित्र पुढे धरतो, गातो, आणि मग ते बाजूला ठेवतो. पान उलटण्याआधीची उत्कंठा त्याच्या हातात असते. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. छापील चित्रकथेचे पर्व टाइम्स ऑफ इंडियाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ने १९६४ साली सुरू केले. त्यांच्या मराठी आवृत्तीतून वेताळ घरोघरी गेला. वेताळ मात्र महाबली नव्हे. तो साधा माणूस आहे, बाप गेला की मुलगा तोच मुखवटा घालतो, आणि शत्रू त्याला अमर समजून आधीच अर्धे हरलेले असतात. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकरांनी काढलेला कृष्ण आणि प्रताप मुळीकांचे पौराणिक वीर यांतून मराठी हातांनी भारतीय महाबलीचे शरीर घडवले. याच मुळीकांनी १९८६ साली राज कॉमिक्सच्या नागराजचे सुरुवातीचे अंक काढले. पुराणातला वीर आणि अंगावर हिरवे खवले असलेला नवा नायक यांच्यामध्ये एकाच चित्रकाराचा कुंचला आहे, ही गोष्ट आपल्या चित्रकथेच्या इतिहासात फारशी कुणी नोंदवत नाही, आणि ती नोंदवली पाहिजे. प्राणच्या चाचा चौधरींच्या हिंदी कथांमध्ये गुरू ग्रहावरचा साबू आणि वैद्य चक्रमाचार्यांचे औषध पिऊन अमर झालेला डाकू राका यांची जोड आहे. साबूच्या ताकदीला मर्यादा नाही, राकाला मरण नाही. ठोसा कितीही जोराचा असला तरी प्रश्न सुटत नाही, म्हणून चाचांची अक्कल लागते आणि राकाला मारण्याऐवजी अडकवावे लागते. पोरांसाठी काढलेल्या या पानांवर बरोबरीच्या लढतीचा प्रश्न अतिशय शुद्ध रूपात मांडलेला आहे.

यावर लगेच कुणी म्हणेल की हे सगळे आपल्याकडे आधीच होते, महाभारतात सगळे आले आहे. हे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि खऱ्या अर्ध्याचा मान आधी राखू. भीमाचे बळ दहा हजार हत्तींचे, असे सांगताना आपल्या परंपरेने ताकदीला एककही दिलेले आहे. समोरच्याचे अर्धे बळ ओढून घेणाऱ्या वालीची लोककथा म्हणजे आजच्या कुठल्याही महाबलीला शोभेल असा नियम. वाली आणि सुग्रीव यांच्या पहिल्या लढतीत रामाला दोघांतला फरकच ओळखता येत नाही. दुसऱ्या वेळी लक्ष्मण सुग्रीवाच्या गळ्यात गजपुष्पीची वेल घालतो. सारख्या दिसणाऱ्या दोन लढवय्यांना वेगळे कसे दाखवायचे, या चित्रकाराच्या रोजच्या अडचणीवर वाल्मीकीने दिलेले हे उत्तर आहे. जरासंधाशी भीम दिवसामागून दिवस लढतो आणि भागवताच्या कथेत कृष्ण डहाळी चिरून दाखवतो, तेव्हा कुठे मार्ग सापडतो. सगळ्यांत खोल आहे ते गदायुद्ध. दुर्योधनाने भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर तेरा वर्षे गदेचा सराव केला. बळ भीमाचे जास्त, कसब दुर्योधनाचे, आणि धर्माने लढले तर भीम जिंकणार नाही, हे स्वतः कृष्ण सांगतो. निकाल मांडीवरच्या आघाताने, म्हणजे नियम मोडून लागतो. बलराम संतापतो. महाभारत त्याचा संताप गुंडाळून ठेवत नाही. विजयाला लागलेला डाग तसाच राहू देते. इथे लढत सोडवणारी गोष्ट म्हणजे अधर्म आहे, आणि कवी ती गोष्ट उघड्या डोळ्यांनी आपल्यासमोर ठेवतो.

पण उरलेले अर्धे? जरासंध मरतो, आणि कायमचा मरतो. दुर्योधन उठत नाही. छापील मालिका मात्र दर महिन्याला निघायची असते, आणि हल्क मेला तर पुढच्या महिन्याचा अंक मरतो. सुपरमॅनही त्याच वर्षी, १९९३ मध्ये, परत आला. म्हणून आधुनिक चित्रकथेतल्या महाबलींना एकमेकांचा शेवट करता येत नाही. बरोबरी ही त्यांच्यावर बाजाराने लादलेली अट आहे. ही केवळ व्यापारी लबाडी आहे असे मानणे घाईचे होईल. शेवट काढून घेतल्यामुळे लेखकांना विजयाच्या जागी किमतीकडे पाहावे लागले: शहराचे काय झाले, मधल्या माणसांचे काय झाले, उद्या दोघे एकमेकांकडे कसे पाहतील. महाकाव्याला अठरा दिवसांनंतरचे रणांगण दाखवता येते. मालिकेला दर महिन्याला मोडलेला रस्ता पुन्हा बांधून त्यावर पुन्हा उभे राहावे लागते. हा प्रश्न पुराणांनी विचारलेला नव्हता, आणि तो विचारल्याचे श्रेय या स्वस्त कागदावरच्या अंकांना द्यायलाच हवे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. लेखक ठरवील तोच जिंकणार, मग ही नुरा कुस्तीच नाही का? आधीच ठरलेल्या लढतीत जीव कशाला अडकवायचा? याला एक पुरावा उत्तर म्हणून देता येतो. १९९६ साली मार्व्हल आणि डीसी या दोन्ही प्रकाशकांनी आपले नायक एकमेकांसमोर उभे केले आणि काही लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोपवला. हल्क आणि सुपरमॅन यांची लढत त्यांतलीच. मते पडली, सुपरमॅन जिंकला. आणि वर्षानुवर्षे ज्या जोडीची वाट पाहिली, ती लढत मोजक्या पानांत उरकली गेली. निकाल बाहेरून आला, म्हणून तो लावायला कथेजवळ स्वतःचे असे काही उरले नाही. राग नाही, कपट नाही, नियमभंग नाही. उलट थिंगची हार लेखकाने ठरवलेली असूनही आपल्याला धरून ठेवते. लढत आधी ठरलेली असण्याने कथा खोटी होत नाही. निकालाचे कारण कथेच्या आतून आले नाही, की ती खोटी होते. कुस्तीत ठरवून हरणे हा प्रेक्षकाचा विश्वासघात असतो, कारण तिथे खऱ्या बळाचे वचन दिलेले असते. कथेने दिलेले वचन कारणाचे असते, आणि तिला त्याच वचनावर तपासले पाहिजे.

हा पोरखेळ आहे, त्याने मुले मारामारी शिकतात, असेही म्हटले जाईल. मारामारीच्या चित्रांनी मुलांवर काहीच परिणाम होत नाही असा दावा इथे कुणी करत नाही. पण महाबलींची झुंज हा मोठ्यांचाही विषय आहे, याचा दाखला मराठी रंगभूमीवर आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगमंचावर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला पाहिले आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटातला कीचकवधाचा प्रसंगही सेन्सॉरने कापला. ज्या सरकारच्या हाती सैन्य होते, त्याला भीमाचा ठोसा धोक्याचा वाटला. प्रेक्षक त्या ठोशामागचे कारण वाचत होते, आणि सरकारलाही ते वाचता येत होते.

या विषयावर आताच लिहिण्याचे कारण असे की ही पात्रे आज आपल्याकडे आहेत, पण त्यांची पाने नाहीत. २०१६ साली बॅटमॅन आणि सुपरमॅन पडद्यावर भिडले, २०१७ साली थॉर आणि हल्क. हिंदी संवादांसह हे चित्रपट गावोगावच्या मोबाइलवर पोचले. उंद्रीच्या मुलाला हल्क माहीत आहे, कर्बी माहीत नाही. चित्रपट लढतीचा वेग स्वतः ठरवतो आणि आपल्याला ओढत नेतो. चित्रकथेत दोन चौकटींमधली कोरी पट्टी वाचकालाच भरावी लागते. ठोसा उगारलेला एका चौकटीत आणि भिंत कोसळलेली दुसऱ्या. खरा आघात त्या दोहोंच्या मध्ये, वाचकाच्या मनात होतो. ही वाचनाची सवय गेली, तर दोन महाबलींच्या लढतीतून उरतो तो फक्त आवाज. मराठीत चित्रकथेवर गंभीरपणे लिहिलेले फार थोडे आहे, आणि जे आहे त्यात आठवणींचा हळवेपणा अधिक, पानाची चिकित्सा कमी.

म्हणून या संग्रहातल्या लेखांनी एक शिस्त पाळली आहे. कोण अधिक बलवान, याच्या याद्या इथे नाहीत. प्रत्येक लेख एक लढत घेतो, तिची पाने चौकटीगणिक पाहतो, आणि निकाल कुठल्या कारणाने लागला ते शोधतो. कुठे ते कारण चित्रात सापडते आणि शब्दांत नसते. कुठे लेखकाने एक कारण सांगितलेले असते आणि चित्रकाराने दुसरेच काढलेले असते. अमेरिकन, जपानी आणि भारतीय अंक मुद्दाम मिसळून ठेवले आहेत, कारण गदायुद्ध वाचून मग थिंगकडे आलेला वाचक आणि थिंगकडून गदायुद्धाकडे गेलेला वाचक यांना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. स्त्री महाबलींच्या लढतींना इथे दोनच लेखांत जागा मिळाली, ही उणीव खरी आहे. वंडर वुमन १९४१ पासून आहे, आणि आपल्याकडे महिषासुरमर्दिनीची लढत तर घरोघरी पुजली जाते. त्या परंपरेत देवी सर्व देवांची शस्त्रे घेऊन उतरते, म्हणजे बरोबरीचा प्रश्न तिथे मुळातच वेगळ्या तऱ्हेने मांडलेला आहे. त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल, आणि तो लिहिणाऱ्याने सुरुवात महिषाच्या बदलत्या रूपांपासून करावी, कारण दर क्षणी आकार बदलणारा शत्रू स्थिर चौकटीत कसा काढायचा, हे कोडे आजवरच्या आपल्या चित्रकथेने पुरते सोडवलेले नाही.

उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा